दिसतंय की, मग तुकडा कशाला?

“कातडं काय पोटात दडलेलं असतं का डॉक्टर? सगळं दिसतंय की. मग लेकराच्या अंगाचा तुकडा कशाला काढायचा?” अहिल्यानगर जिल्ह्यात, ज्याला आम्ही सवयीनं अजून नगरच म्हणतो, मुलाच्या चट्ट्याची बायोप्सी करू असं सुचवलं की हा प्रश्न ठरलेला. तो आजी विचारते, गुरुजी विचारतात आणि हातगुणाचे म्हणून पंचक्रोशीत नाव असलेले जुने फॅमिली डॉक्टरही जरा वेगळ्या शब्दांत विचारतात. अलीकडं त्यात एक तरुण आवाज मिसळला आहे: “फोटो काढला की ॲप सांगतं.” एक पक्ष मुरलेल्या नजरेवर विसंबणारा, दुसरा नव्या यंत्रावर. वरकरणी दोघांचं पटू नये. पण दावा एकच आहे: रोग पृष्ठभागावर आहे, तो नीट पाहणारा कुणी असला की भागतं. मी पॅथॉलॉजीतला माणूस. स्लाइडवर माझं पोट आहे, त्यामुळं माझ्या उत्तराला स्वार्थाचा वास येणार. येऊ द्या.

आधी त्यांचं जेवढं खरं आहे तेवढं देऊन टाकतो. मुलांच्या बहुतेक त्वचारोगांना तुकडा लागत नाही. घामोळ्या, इसब, पू भरलेले फोड, डासांचे चावे हे नजरेनं ओळखता येतात आणि ओळखावेत. अकोले तालुक्यातल्या एखाद्या आश्रमशाळेच्या वसतिगृहात निम्मी मुलं रात्रभर बोटांच्या बेचक्या खाजवत असतील, तर ती खरूज आहे. तिथं सुरी काढणारा डॉक्टर शहाणा नव्हे. शंकाच असेल तर बेचकीतला पापुद्रा तेलाच्या थेंबात खरवडून मायक्रोस्कोपखाली धरावा, किडा चालताना दिसतो. इटलीत बोनोमो नावाच्या डॉक्टरानं १६८७ साली खरजेचा किडा मायक्रोस्कोपखालीच दाखवला होता. आता हे खरवडणं म्हणजेही पॅथॉलॉजीच, हे मात्र विरोधक विसरतात. त्यांच्या डोळ्यांपुढं पॅथॉलॉजी म्हटलं की रक्ताळलेला कापूस येतो. प्रत्यक्षात या शास्त्राची पहिली पायरी म्हणजे एक बोथट पातं, एक काच आणि दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब. मूल रडतसुद्धा नाही.

वाद सुरू होतो तो याच्या पुढं.

गालावरचा फिकट डाग घ्या. आपल्याकडं त्याचं निदान स्वयंपाकघरातच होतं: जंत झालेत. जंताचं औषध पाजलं जातं, काही महिन्यांनी डाग आपोआप पुसट होतो आणि जंतांवरचा आरोप कायम होतो. तो डाग बहुधा ‘पिटिरिआसिस आल्बा’ असतो. कोरड्या कातडीचा, उन्हाळ्यात उठून दिसणारा, आणि जंतांशी काडीचा संबंध नसलेला. इथवर कुणाचं काही बिघडत नाही. पण तसाच फिकट डाग शिबं असतो, कोडाची सुरुवात असतो, जन्मखूण असतो, कुष्ठरोगाचा पहिला चट्टा असतो आणि क्वचित, फार क्वचित, कातडीतल्या लिम्फोमाचाही असतो. कातडीला दुखणं दाखवायच्या तऱ्हा मोजक्या: रंग उतरणं, लाल होणं, खवले धरणं, फोड, गाठ. रोग शेकड्यांनी. एकेका तऱ्हेच्या मागं दहा-दहा रोग रांग लावून उभे असतात, आणि मुलाच्या कोवळ्या कातडीवर त्यांच्यातला फरक मोठ्या माणसापेक्षाही पुसट असतो.

कुष्ठरोगापाशी थोडं थांबायला हवं, कारण “दिसतंय की” हा दावा तिथं सर्वांत महाग पडतो. चट्टा बधिर असतो, एवढं सगळ्यांना पाठ आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या चट्ट्यावर कापूस टेकवून “इथं कळतंय का?” असं विचारून पाहा. ते आईच्या तोंडाकडं बघतं आणि हो म्हणतं. शिवाय चेहऱ्यावर मज्जातंतूंचं जाळं इतकं दाट असतं की तिथला कुष्ठाचा चट्टा बहुधा बधिर होतच नाही. म्हणजे ज्या एका खुणेवर नजरेची सगळी भिस्त, ती खूण नेमकी लहान मुलात आणि नेमकी गालावर दगा देते. कातडीच्या खालच्या थरात मात्र गोष्ट वेगळी असते. दाहाच्या पेशी मज्जातंतूच्या बारीक फांदीला वेढून, तिच्यात शिरून तिला खात बसलेल्या दिसल्या, तर कुष्ठरोगाचा संशय पक्का होत जातो. इतर बहुतेक रोग मज्जातंतूच्या वाटेला जात नाहीत. फाइट पद्धतीनं रंगवल्यावर लाल काड्यांसारखे जंतू दिसले तर प्रश्नच मिटतो. मुलांच्या सुरुवातीच्या चट्ट्यात ते पुष्कळदा दिसत नाहीत, हेही सांगायला हवं. तिथं आता जंतूची जनुकीय खूण शोधणारी पीसीआर चाचणी हात देते.

हे काही परदेशातून परवा आलेलं ज्ञान नव्हे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या वसंत रामजी खानोलकरांनी कुष्ठरोगाच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांत सूक्ष्म पातळीवर काय घडतं याचा अभ्यास केला, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं तो १९५१ साली छापला. जगभरच्या कुष्ठरोगतज्ज्ञांनी त्याची दखल घेतली. त्यांच्या तालमीत वाढलेल्या कमल रणदिवे पुण्याच्या. कर्करोगावर आणि कुष्ठरोगाच्या जंतूवर त्यांनी मुंबईत काम केलं, आणि निवृत्तीनंतर त्या आल्या कुठं? आमच्याच जिल्ह्यात. इथल्या आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा करायला आणि गावच्या बायकांना आरोग्याचं काम शिकवायला. मायक्रोस्कोप हा मुंबईचा आणि आदिवासी पाड्यावरचं पोर नगरचं, दोघांचा संबंध काय, असं ज्यांना वाटतं त्यांनी या बाईंचं चरित्र काढून बघावं.

“पण कुष्ठरोग संपला ना?” डिसेंबर २००५ मध्ये देशानं जे जाहीर केलं ते इतकंच होतं की दहा हजार लोकसंख्येमागं एकापेक्षा कमी रुग्ण उरले. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून उच्चाटन, असे ते शब्द. लोकांनी त्यातला शेवटचाच शब्द ऐकला. २०२३ साली जगात १,८२,८१५ नवे रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले निम्म्याहून अधिक, एक लाख सात हजारांवर, भारतातले होते. या नव्या रुग्णांत मुलंही असतात. मुलात कुष्ठरोग सापडणं ही त्या एका मुलाची बातमी नसते. रोगाचा अधिशयनकाळ वर्षानुवर्षांचा, मुलाचं वय थोडं. म्हणजे त्याच्या घरात किंवा शेजारी उपचार न झालेला कुणी मोठा माणूस आहे, आणि साखळी चालू आहे. मुलाचं निदान पक्कं झालं की त्या माणसाचा शोध घेता येतो, संपर्कातल्यांना रिफॅम्पिसिनचा एकच प्रतिबंधक डोस देता येतो. मुलाला सरकारी दवाखान्यातल्या फुकट गोळ्या सहा किंवा बारा महिने मिळतात आणि हात वाकडा होत नाही. “पोरगी आहे, नाव लागलं तर लग्न कसं जमायचं,” असं म्हणून तपासणी टाळणाऱ्यांना माझं उत्तर कडक आहे. रिपोर्ट फायलीत राहतो. आखडलेली बोटं मांडवात दिसतात. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून २०१९ साली गेलं, भीती मात्र घरात राहिली. ती पोसण्यासाठी आपण मुलीचा हात गहाण टाकायचा का?

लिम्फोमाचं ओझरतं नाव वर आलं, तर तेही सांगून टाकतो. ‘मायकोसिस फंगॉइडिस’ हे १८०६ साली आलिबेर या फ्रेंच डॉक्टरानं वर्णिलेलं दुखणं, कातडीत घर करणाऱ्या लिम्फोसाइट पेशींचं. गोऱ्या कातडीच्या पाठ्यपुस्तकांत ते वयस्कर माणसाच्या लाल चट्ट्यांचं असतं. सावळ्या मुलांत ते फिकट डाग होऊन येतं, कमरेवर, मांड्यांवर, आणि वर्षानुवर्षं कोड किंवा शिबं म्हणून मलमं खात राहतं. या मुलांचं पुढं बहुधा चांगलं होतं, अतिनील किरणांच्या उपचारानं डाग जातातही. पण ते ओळखायला तुकड्याशिवाय मार्ग नाही. कातडीच्या वरच्या थरात त्या पेशी ओळीनं बसलेल्या पाहाव्या लागतात, आणि विशिष्ट प्रथिनं रंगवून त्या कोणत्या जातीच्या आहेत ते ठरवावं लागतं. हे नजरेनं सांगणारा डॉक्टर मला अजून भेटायचा आहे.

आता दुसरा पवित्रा: “मलम लावून बघू. बरं झालं तर तेच निदान.” या युक्तिवादाला वैद्यकात मान आहे, मी नाकारत नाही. एका औषधाचा, ठरावीक मुदतीचा, विचारपूर्वक प्रयोग हे निदानाचं साधन असतं. पण आपल्या मेडिकल दुकानांतून जी ट्यूब मिळते तिच्यात स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र कोंबलेलं असतं. तिनं बरं वाटलं तर कशानं वाटलं? गजकर्णावर ती लावली की लाली आणि खाज दोन दिवसांत उतरते, आई निश्चिंत होते आणि बुरशी खाली पसरत राहते. कडा पुसट होतात, वर्तुळाचा आकार जातो. मग अनुभवी डोळ्यालाही तो गजकर्ण वाटत नाही. म्हणजे नजरेवर विसंबणाऱ्यांनीच नजरेचा पुरावा पुसून टाकलेला असतो. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. कोणत्याही बाजारपेठेच्या गावी जाऊन मागून बघा, काय होतं ते. दरम्यान ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ नावाची बुरशी देशभर पसरली, जिचे अनेक वाण टर्बिनाफिन या नेहमीच्या गोळीला दाद देत नाहीत. तिला हे नाव मिळालं २०२० साली. एका थेंबाची, दहा-पंधरा मिनिटांची तपासणी आधी झाली असती तर निदान त्या मुलाची सहा महिन्यांची फरफट टळली असती. ज्याला पॅथॉलॉजीचं अवडंबर म्हणतात ते हे.

फोडांची गोष्ट आणखी उघड आहे. चार वर्षांच्या मुलाच्या तोंडाभोवती आणि जांघेत फोड येतात, जुन्या फोडाच्या कडेनं नवे फोड माळेसारखे उगवतात. पू झालाय म्हणून अँटिबायोटिक दिलं जातं. एक संपतं, दुसरं सुरू होतं. हा बालपणातला एक स्वयंप्रतिकाराचा रोग असू शकतो, लिनिअर आयजीए. शरीराचीच प्रतिद्रव्यं कातडीच्या दोन थरांमधल्या सांध्यावर जाऊन बसतात. त्याला अँटिबायोटिक लागत नाही, लागतं डॅप्सोन, तेच कुष्ठरोगाचं जुनं औषध, तेही आधी जीसिक्सपीडीची रक्ततपासणी करून. फोडाशेजारच्या न फुटलेल्या कातडीचा तुकडा घेऊन त्यावर चमकणारी प्रतिद्रव्यं सोडली की काळोख्या पडद्यावर सांध्याच्या जागी हिरवी रेघ उमटते. इम्युनोफ्लुरोसन्स म्हणतात त्याला. फोडांच्या रोगात हे तंत्र १९६० च्या दशकात आलं, म्हणजे त्याला ‘आधुनिक फॅड’ म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांपेक्षा ते वयानं मोठं आहे.

इथं एक व्यवहाराची गोष्ट, जी कुठल्याही भाषणापेक्षा उपयोगाची. हा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकला की संपला, त्यातून रेघ दिसत नाही. मिशेलच्या द्रावणात तो काही दिवस टिकतो. ते नसेल तर साध्या सलाइनमध्येही सुमारे एक दिवस चालतो. जामखेडहून सकाळच्या एसटीनं निघालेली सलाइनची कुपी संध्याकाळच्या आत पुण्यात पोचते. क्षयाचा संशय असेल तर त्याही तुकड्याचा एक भाग सलाइनमध्येच हवा, म्हणजे त्यावर सीबीनॅट ही क्षयजंतूची जनुकीय चाचणी लावता येते. मुलांच्या मानेवरच्या वाहणाऱ्या गाठींत हे किती कामाचं आहे ते क्षयाच्या दवाखान्यात विचारा. (गूळ आणि मध फॉर्मलिनऐवजी वापरता येतील का, यावर आपल्याकडच्या प्रयोगशाळांनी प्रयोग केले आहेत आणि निकाल अगदीच टाकाऊ नाहीत. उसाच्या जिल्ह्यानं त्यात लक्ष घालायला हरकत नाही.)

जन्मतः फोड येणाऱ्या एपिडर्मोलिसिस बुलोसाबद्दल मात्र मी माझ्याच शास्त्राची बाजू थोडी सोडतो. तिथं आता जनुकीय चाचणी रक्तावर होते आणि ती जिथं मिळते तिथं तिलाच पहिला मान. तरी कातडी नेमक्या कोणत्या पातळीवर सुटते आहे, वरच्या थराच्या तळाशी, सांध्यात की सांध्याखाली, हे प्रथिनांच्या रंगलेपनानं काही दिवसांत कळतं, आणि त्यावर मूल कसं वाढेल याचा अंदाज ठरतो. पुढच्या बाळंतपणाचा प्रश्नही त्याच्यावर. मामाच्या मुलीशी लग्न लावायची चाल आपल्याकडं अजून आहे, आणि असं बाळ झालं की खापर सुनेच्या गरोदरपणातल्या खाण्यावर किंवा ग्रहणावर फुटतं. अप्रकट रूपातल्या प्रकारात दोष आई आणि बाप दोघांकडूनही आलेला असतो, असं लिहिलेला कागद त्या सुनेच्या हातात पडला, तर निदान जाब विचारणाऱ्यांना दाखवायला तिच्याकडं काहीतरी असतं.

आणि तान्ह्या बाळाच्या डोक्यावरची खपली? ती सगळ्यांच्या घरी असते, तेल लावलं की जाते. पण ती जात नसेल, जांघेत आणि काखेत तपकिरी-लाल पुरळ असेल, त्यात बारीक रक्ताळलेले ठिपके असतील, कान वाहत असेल, तर तो लँगरहान्स सेल हिस्टिओसायटोसिस असू शकतो. १८६८ साली बर्लिनमध्ये शिकणाऱ्या पॉल लँगरहान्स नावाच्या पोरसवदा विद्यार्थ्यानं कातडीत ज्या पेशी दाखवल्या, त्यांच्याशी साम्य असलेल्या पेशी इथं बेसुमार वाढतात. तुकड्यात सीडीवनए आणि लँगरिन ही प्रथिनं रंगवली की निदान होतं. २०१० मध्ये असंही कळलं की सुमारे निम्म्या रुग्णांत बीरॅफ या जनुकात एकच ठरावीक बदल असतो, आणि त्यातून नव्या औषधांची वाट उघडली. रोग काही बाळांत कातडीपुरताच राहून आपोआप विरतो. काहींत हाडं, यकृत, मज्जा गाठतो. पहिल्या दिवशी दोन्ही सारखेच दिसतात. “वयाबरोबर जाईल” हे वाक्य इथं खरंही ठरू शकतं, पण आधी नाव कळल्याशिवाय ते उच्चारण्याचा हक्क कुणाला नाही.

आता विरोधकांच्या भात्यातला सर्वांत टोकदार बाण. “केली होती बायोप्सी. रिपोर्टमध्ये काय आलं? नॉनस्पेसिफिक डर्मटायटिस. फुकटचा टाका.” हा बाण लागतो, कारण असे रिपोर्ट येतात, आणि पुष्कळ येतात. पण का येतात ते मी रोज पाहतो. अर्जावर रुग्णाचं वय असतं, आणि पुढं ‘स्किन लेजन’ एवढंच. किती दिवस? कुठं? आधी काय लावलं? संशय कशाचा? रकाने कोरे. गट नंबर न सांगता तलाठ्याकडं सातबारा मागावा, तसलाच हा प्रकार. त्यात वर्तुळाच्या मध्यातून तुकडा घेतलेला असतो, जिथं रोग विझलेला असतो, कडेवरून घ्यायला हवा होता. तीन महिने स्टिरॉइड चोपडून दाह मारून टाकलेला असतो. तुकडा इतका उथळ असतो की ज्या मज्जातंतूत पाहायचं तोच त्यात नसतो. एवढं करून दोष मायक्रोस्कोपला. त्वचेची स्लाइड एकटी फार थोड्या वेळा बोलते, तिला दवाखान्यातल्या नजरेची जोड लागते, हे आमच्या पेशातला नवशिकाही सांगेल. म्हणजे जुन्या डॉक्टरांची ती मुरलेली नजर आम्हाला नको आहे असं नाहीच. ती आम्हाला कागदावर हवी आहे. दोन ओळी लिहा: ‘पाच वर्षांचा मुलगा, उजव्या गालावर आठ महिन्यांचा फिकट चट्टा, मलमाने फरक नाही, कुष्ठ की आल्बा?’ मग बघा रिपोर्ट कसा येतो ते. आमच्याही बाजूचे काही दोन ओळींचे रिपोर्ट खरडून मोकळे होतात, त्यांची वकिली मी करणार नाही. आणि ज्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीची पदव्युत्तर पदवी असलेल्या डॉक्टरची सहीच नाही, त्याला रिपोर्ट म्हणू नका. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये ते स्पष्ट केलं आहे.

ॲपवाल्या तरुणाला वेगळं उत्तर. २०१७ साली ‘नेचर’मध्ये संगणक त्वचातज्ज्ञांच्या बरोबरीनं कर्करोग ओळखतो असा निबंध आला आणि जगभर गाजला. संगणक बरोबर की चूक हे कशाच्या आधारे ठरवलं होतं? ज्या फोटोंवर परीक्षा झाली त्यांच्या बायोप्सीच्या आधारे. म्हणजे ॲपचा परीक्षक स्लाइडच होती. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ६५६ फोटो घेतले, प्रत्येकाचं निदान तुकड्यानं पक्कं झालेलं, फिक्या आणि गडद कातडीचे, आणि नावाजलेले प्रोग्राम त्यांवर चालवून पाहिले. गडद कातडीवर त्यांची कामगिरी घसरली. फोटो पाहून निदान करणारे तज्ज्ञही तिथं कमी पडले. आमच्या मुलांच्या सावळ्या गालांवर ॲप सुधारायचं असेल, तर आमच्या मुलांच्या चट्ट्यांची पक्की, तुकड्यानं सिद्ध झालेली निदानं आधी लागतील. फोन टाकून द्या असं मी म्हणत नाही. मायक्रोस्कोपच्या आयपीसवर फोन धरून स्लाइडचा फोटो लोणीहून पुण्याच्या तज्ज्ञाला पाठवता येतो, आणि तो उपयोग मला फार आवडतो. पण त्यासाठी आधी स्लाइड असावी लागते.

राहता राहिली भीती. ‘हत्यार लागलं की रोग भडकतो’ ही समजूत, आणि मुलाला होणारी वेदना. पहिलीला आधार नाही. दुसरी खरी आहे आणि तिच्यावर उपाय आहे. लिग्नोकेन-प्रिलोकेनचं मलम तासभर पट्टीखाली ठेवलं की सुईचा टोच बोथट होतो, वजनाच्या हिशोबानं भुलीचं इंजेक्शन दिलं की पुढं फक्त दाब कळतो. तुकडा तीन-चार मिलिमीटरचा, तांदळाच्या दाण्याच्या लांबीएवढाही रुंद नाही. एक टाका, कधी तोही नाही. आई जवळ बसलेली असावी. चेहऱ्यावर काढायचाच असेल तर दहादा विचार करावा आणि शक्य तिथं दुसरा चट्टा निवडावा. सहा महिने चुकीची मलमं चोळून गालाची कातडी पातळ करणाऱ्यांनी या एका टाक्याच्या व्रणाबद्दल गळा काढावा, याचं मात्र मला हसू येतं.

“खेड्यातले पालक तयार होत नाहीत” हे तर मी ऐकूनही घेत नाही. याच जिल्ह्यात जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं १९७० पासून काय केलं ते जगानं पाहिलं. गावच्या, पुष्कळशा निरक्षर बायका आरोग्यसेविका झाल्या, कुष्ठरोगाचे चट्टे ओळखायला शिकल्या आणि रुग्णांना गावाबाहेर न काढता उपचार घडवले. १९७९ साली मॅगसेसे मिळालं ते त्याला. त्या बायकांना जे समजावता आलं ते आजच्या पालकांना समजत नाही असं म्हणणं म्हणजे समजावायची टाळाटाळ. सतरा हजार चौरस किलोमीटरचा, चौदा तालुक्यांचा, राज्यातला सर्वांत विस्तीर्ण जिल्हा आमचा. लोणीला १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, विळद घाटात दुसरं आहे, नगरला जिल्हा रुग्णालय आहे. शाळाशाळांतून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं फिरतात, त्यांच्या यादीत खरूज, बुरशी आणि इसब पहिल्यापासून आहेत, पुढं कुष्ठरोगाचा शोधही जोडला गेला. माणसं आहेत, इमारती आहेत. ग्रामीण रुग्णालयात एक मायक्रोस्कोप, खरवडायचं पातं, पंच बायोप्सीचं साधन, फॉर्मलिनच्या बाटलीशेजारी सलाइनची कुपी, आणि नमुना ज्या दिवशी काढला त्याच दिवशी पुढं जाण्याची हमी, एवढीच मागणी आहे. जनुकांच्या यंत्राची मागणी मी करत नाही.

एक अडचण मात्र विरोधकांनीही कधी काढली नाही, ती मीच काढतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेडची कितीतरी मुलं दसरा-दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात ती गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. अशा आईला “रिपोर्टला पुढच्या आठवड्यात या” म्हणणं म्हणजे रिपोर्ट न देणंच. टोळी तोवर कोल्हापूर-सांगलीच्या फडावर पोचलेली असते, आणि ज्याच्या तुकड्यात मज्जातंतू खाल्ला जाताना दिसला ते पोर कुठल्यातरी कोपीत असतं. म्हणून अर्जावर दोन नंबर घ्यावेत, आईबापाचा आणि टोळीच्या मुकादमाचा. मुकादमाला फक्त एवढंच सांगायचं, “अमक्याच्या आईला दवाखान्यात फोन करायला सांगा.” रोगाचं नाव त्याच्या कानावर जाता कामा नये, ते आईलाच सांगायचं, आणि त्याच फोनवर तिला फडाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं नावही द्यायचं, जिथं गोळ्या मिळतील. या दोन रकान्यांसाठी कुठल्याही मंत्रालयाची मंजुरी लागत नाही.